घरच्या तुळशीचं पान

तुळशीवर विष मारायचं नाही, असं बायकोने मला पलंगावरून बजावलं, तेव्हा माझ्या एका हातात पांढऱ्या कागदाचा कपटा होता आणि दुसऱ्या हातात पेपर वाचायचं भिंग. तुळशीची फांदी मी त्या कागदावर झटकली होती. कागदावर पडलेली तांबूस भुकटी चालायला लागली. एक कण मी बोटाने पुसला, तर विटकरी रेघ उमटली.

"कोळी आहेत," ती म्हणाली. तिने कागदाकडे पाहिलंही नव्हतं.

"तुला तिथून काय दिसलं?"

"तुमचं तोंड दिसलं."

हे कोळी म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात जाळं विणून बसणारे नव्हेत. टाचणीच्या टोकाहून लहान असतात. पानाच्या खालच्या अंगाला वस्ती करतात आणि रस शोषत बसतात. आधी पानावर रवा सांडल्यासारखे फिके ठिपके येतात, मग पान पिवळं पडतं, मग शेंड्यांना बारीक जाळी लागते, मग पानं गळतात. आता मला हे सगळं पाठ आहे. तोवर मात्र मला वाटलेलं, तो सिमेंटचा धुरळा आहे. बरेच दिवस मी त्या ठिपक्यांकडे धुरळा म्हणूनच बघत होतो.

धुरळ्याला कारण होतं. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, चार मजल्यांची, जुनी. प्लास्टरचे पोपडे लोकांच्या डोक्यावर पडायला लागले तेव्हा कुठे दुरुस्ती निघाली. बाहेरून परांची बांधली, तिच्यावर हिरवी जाळी टाकली, आणि ग्रिलमधल्या कुंड्या काढा म्हणून फर्मान आलं. बायकोने ग्रिलमध्ये बागच केली होती. मोगरा, अबोली, ओवा, गवती चहा, कढीपत्ता. त्यातलं बहुतेक मी खालच्या मजल्यावर आणि ओळखीपाळखीत वाटून टाकलं, कारण तेव्हा मला बागेपेक्षा मोठ्या काळज्या होत्या. तुळस तेवढी घरात घेतली. बेडरूमच्या खिडकीशी स्टुलावर ठेवली, बायकोच्या पलंगाला लागून, म्हणजे तिला दिसेल.

बायकोला नुकतंच घरी आणलं होतं. माजिवड्याच्या पुढे एका हॉस्पिटलात तिचे उपचार चालले होते, आणि हिवाळा संपता संपता तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं बघा. माणूस बरा झाला की त्याला घरी सोडतात, एवढंच मला आजवर माहीत होतं. आम्हाला मूलबाळ नाही. हे आत्ताच सांगतो, म्हणजे पुढे कुणी दाराची बेल वाजायची वाट बघणार नाही. तिची धाकटी बहीण ठाण्याला वर्तकनगरला राहते, ती दर एक-दोन दिवसांनी येऊन जायची. बाकी आम्ही दोघं आणि ती तुळस.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी चहा पिता पिता बायको म्हणाली, "एक सांगून ठेवते. वेळ येईल तेव्हा पान घरच्या तुळशीचं ठेवा. फुलवाल्याकडे धावू नका."

"काहीतरी बोलू नकोस," मी म्हणालो. सगळे नवरे म्हणतात तेच.

"बोलत नाहीये, सांगतेय. आईंच्या तोंडात मी ह्याच तुळशीचं ठेवलं, अण्णांच्याही. तुमचं वय जास्त, मला वाटलेलं तुमच्याही ठेवीन. माझा नंबर आधी लागला, त्याला मी काय करू?"

आई-अण्णा म्हणजे माझे आईवडील. तुळस आईने गावाहून आणलेली, कोकणातून, एसटीत मांडीवर तुपाच्या डब्यात रोप घेऊन. एक तुळस काही वर्षानुवर्षं टिकत नाही. पण बायको दर वर्षी मंजिऱ्या सुकवून चोळायची, बी पेरायची, आणि जुनी वाळायच्या आत नवी तयार असायची. ही त्याच वेलविस्तारातली. फक्त त्या वर्षी मंजिऱ्या काढायच्या दिवसांत ती हॉस्पिटलात होती, आणि मी त्या वाळलेल्या मंजिऱ्या घर झाडताना कचऱ्यात टाकल्या. त्यामुळे पेरायला बी नव्हतं. होती ती हीच एक तुळस.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळत मी निवृत्त झालो. ड्रमवरचं लेबल वाचायचं, लिहिलंय तेवढंच मापायचं, हातमोजे घालायचे, हा माझा धर्म. रोग असेल तर औषध आहे, औषध असेल तर प्रमाण आहे, आणि प्रमाण पाळलं तर गुण येतो, असं मी मानत आलेलो. हॉस्पिटलने हा विश्वास निम्मा मोडला होता. उरलेला निम्मा मी तुळशीवर लावायचं ठरवलं.

कोळ्यांवर पहिला उपाय पाण्याचा. शॉवरखाली कुंडी आडवी धरायची आणि पानं खालच्या बाजूने जोरात धुऊन काढायची. मी कुंडी उचलली.

"कुठे निघालात?"

"आंघोळीला."

"तुमच्या?"

"तिच्या."

"अहो, संडासात नेताय तुळशीला?"

आमचं बाथरूम आणि संडास एकच. हे मला तीस वर्षांत कधी खटकलं नव्हतं. बरं, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धरू म्हटलं, तर तिथे खरकटं. गॅलरीत परांचीचे बांबू आत घुसलेले. शेवटी बेडरूममध्येच कुंडीखाली मोठी परात ठेवली आणि इस्त्रीच्या पाण्याचा फवारा घेऊन मी जमिनीवर बसलो. त्या फवाऱ्याला जोर तो काय! कोळ्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडल्यासारखं झालं असेल.

"वरून काय आंघोळ घालताय? खालून मारा. पान उलटं करा. सगळं खालीच असतं."

"हो, हो."

"वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, म्हणून तर वाढलेत ते."

मग औषधं सुरू झाली. घरगुती औषधांची एक गंमत आहे, ती सांगणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव शंभर टक्के असतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी लसूण आणि हिरवी मिरची वाटून गाळून मारायला सांगितलं. मी निम्मा लसूण सोलला होता, तेव्हा बायकोने विचारलं, हे कशाला. तुळशीवर लसूण चालत नाही. "ती काय माळकरी आहे?" मी विचारलं. तर म्हणाली, "तुम्ही नाही आहात, म्हणून तिने सोडायचं का?" भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात, असं कुणीतरी सांगितलं. तेही नाही, कारण ते खरकट्याचं. मेहुणीने वर्तकनगरहून गोमूत्राची बाटली आणली. ते धर्मात बसत होतं, पण त्या वासाने बायकोला उलट्या झाल्या, म्हणून बंद. चाळणीतून गाळत गाळत शेवटी तीनच गोष्टी उरल्या. रिठ्याचं पाणी, कडुनिंबाचं तेल आणि ताकात कालवलेला हिंग. हिंग-ताक तिच्या माहेरचं. तिचे वडील मिरचीच्या रोपांना मारायचे म्हणे.

"तुमच्या कंपनीच्या वासाने एवढ्या वर्षांत आमच्याकडचे डास मेले नाहीत," ती म्हणाली. "माझ्या हिंगाला नावं ठेवू नका."

मी हिंगाला मनापासून नावं ठेवली. पण मारलं. रिठ्याच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल फेटून त्याचंही दुधट पाणी केलं. तेलाच्या बाटलीवर स्पष्ट छापलं होतं की फवारणी ऊन उतरल्यावर, संध्याकाळी करावी. लेबल वाचणारा माणूस मी. संध्याकाळी सातला फवारा घेऊन उभा राहिलो.

"दिवेलागण झाली," बायको म्हणाली. "आता तिला हात लावायचा नाही. निजते ती."

"अगं, बाटलीवर लिहिलंय."

"बाटलीवाल्याच्या घरी तुळस नसेल."

मरणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, ही त्या दिवसांतली सगळ्यात मोठी अडचण होती. एरवी मी तास तास भांडलो असतो. मी दुसऱ्या दिवशी चहा, तिची औषधं, अंग पुसणं, चादर हे सगळं उरकून सकाळी अकराच्या सुमाराला मारलं. जाळीला आमच्या खिडकीसमोर एक भोक पडलं होतं, तिथून त्या वेळी ऊन थेट स्टुलावर यायचं. दुपारपर्यंत तेल लागलेली पानं कडांना करपली. जी पानं कोळ्यांनी सोडली होती, ती माझ्या तेलाने गेली. बायको बघत होती. ते मला जास्त लागलं.

दुसरी गोष्ट अंड्यांची. फवाऱ्याने कोळी मरतात, अंडी मरत नाहीत. चार-पाच दिवसांत ती फुटतात, म्हणून दर चार-पाच दिवसांनी न चुकता मारत राहावं लागतं. आता ह्यात रविवार आला की तुळशीला हात लावायचा नाही. द्वादशी आली की नाही. एकादशीला तुळशीचा उपास, म्हणून पाणीसुद्धा नाही. ग्रहण त्या महिन्यांत नव्हतं, हे नशीब. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून ती म्हणायची, आज नको, परवा. कोळी कॅलेंडर बघत नाहीत. परवापर्यंत त्यांची पुढची पिढी कामाला लागलेली असायची, आणि शेंड्यावर सकाळी मी पुसलेलं जाळं संध्याकाळी पुन्हा ताणलेलं दिसायचं.

त्यात पंखा. तिच्या अंगाची आग व्हायची, त्यामुळे पंखा दिवसरात्र फुल्लवर. कोळ्यांना गरम आणि कोरडी हवा फार मानवते. पंखा बंद केला तर तुळशीला बरं आणि बायकोला त्रास, चालू ठेवला तर उलटं. हा प्रश्न मी कधी सोडवलाच नाही. पंखा चालूच राहिला. तुळस दुसऱ्या खोलीत हलवूया म्हटलं, तर ती म्हणाली, "मग मी काय तुमच्याकडे बघत बसू?"

मेहुणी व्यवहारी. एकदा दारातच मला हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, ताईला आता लांबचं नीट दिसत नाही. नर्सरीतून दुसरी आणू, त्याच कुंडीत लावू. तिला काय कळणार?" पुढच्या खेपेला ती खरंच एक छान भरलेलं रोप घेऊन आली. ते आम्ही हॉलमध्ये टीव्हीजवळ ठेवलं. संध्याकाळी बायकोने आतून विचारलं, "कुणाची तुळस आणलीत?"

"कसली तुळस?"

"वास येतोय. नवीन आहे. चांगली आहे, वाढवा. पण ती ह्या घरची नाही."

वाढवायचा प्रश्न फार दिवस आला नाही. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जा-ये करणारा माणूस. माझ्या बाह्यांवरून, हातावरून कोळी तिकडे गेले असणार. आठवड्याभरात नव्या रोपावर रवा सांडला. भिंग लावून बघितलं आणि कुंडीसकट ते खाली कचऱ्याच्या डब्याशी ठेवून आलो. जिना चढताना मला रडू आलं. एवढ्या महिन्यांत मी पहिल्यांदा रडलो ते नर्सरीतल्या परक्या रोपासाठी, ह्याचं मला अजून हसू येतं.

दुसऱ्या दिवशी मेहुणीला बायकोपाशी बसवलं आणि मी कल्याणला गेलो. तिथे बाजारात बी-बियाणं आणि शेतीच्या औषधांची दुकानं आहेत. पोत्यांच्या मागे बसलेल्या दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "पीक काय?"

"तुळस."

"किती क्षेत्र?"

"एक कुंडी."

तेव्हा त्याने मान वर केली. "काका, कशाला ताप घेताय? उपटून टाका आणि नवीन लावा."

"औषध आहे की नाही?"

"आहे ना. एक नंबर आहे. फुलबाजाराला तुळशीच्या जुड्या पाठवणारे आमच्याकडूनच नेतात. जुडी कशी हिरवीगार लागते, एक ठिपका असला तर गिऱ्हाईक हात लावत नाही." आणि त्याने सगळ्यात लहान बाटली काउंटरवर आपटली.

बाटलीवर पिवळा त्रिकोण होता, म्हणजे ह्याच्याशी खेळू नका. लेबलवर चहा होता, मिरची होती, वांगं होतं. फवारल्यावर किती दिवस तोडणी करू नये ते होतं. तुळस नव्हती. तरी रिक्षा स्टँडवर उभ्या उभ्या मी ते लेबल दोनदा वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं. प्रमाण लिहिलेलं होतं. हातमोजे घाला लिहिलेलं होतं. ही माझी भाषा होती.

घरी आलो, बाटली पलंगापाशी धरली आणि म्हटलं, "आता बास. ताक-बीक पुरे. हे एकदा मारतो, आठवड्याने परत एकदा. तुळस वाचेल."

"विष आहे ना ते?"

"चहावर मारतात हे. आपण दोन वेळा पितो तो चहा."

"चहा कुणी मरताना तोंडात घालत नाही."

"माझ्या घाल. मला चालेल."

ती हसली, हसता हसता खोकली, मी पाणी दिलं. मला वाटलं, जिंकलो. म्हणून पुढे बोललो. "आणि बाजारातल्या जुड्यांवरही हेच मारतात. आज दुकानदाराने सांगितलं."

"म्हणूनच घरचं म्हणतेय."

"अगं, पण तेव्हा तू काय ते चावून खाणार आहेस? पान नुसतं ओठांत ठेवायचं असतं. विषाने तुझं काय वाकडं होणार आहे त्या वेळी?"

हे बोलायला नको होतं असं नाही. आम्ही चाळीस वर्षं असंच बोलत आलेलो. ती चिडली नाही. तिने नुसता हात वर केला, ज्या हाताच्या शिरा सुयांनी काळ्या पडल्या होत्या तो.

"माझ्यावर मारलंत ना सगळं? बाटल्याच्या बाटल्या. केस गेले. नखं गेली. तोंड आतून सोलवटलं, आमटीचा घोट घेता येईना. आणि जे मारायचं होतं, ते राहिलंच आत. तुमच्यावर राग नाही माझा, मीच हो म्हटलेलं. पण आता तोंडात शेवटी जे जाईल, त्यात औषध नको. एक तरी गोष्ट नुसती असू दे."

मी बाटली माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून फवाऱ्यावरून मी वाद घातला नाही. सकाळी रिठा, एक दिवसाआड हिंग-ताक. पान उलटं करून, खालून, एकेक. भिंग लावून ओल्या कापसाच्या बोळ्याने मी पानांची पाठ पुसायचो. ती बघायची. कधी मधेच म्हणायची, "डावीकडचं राहिलं." बहुतेक वेळा खरंच राहिलेलं असायचं.

चैत्र संपत आला तेव्हा तुळशीच्या खालच्या फांद्या काटक्या झाल्या होत्या आणि वर एका शेंड्याला थोडी पानं होती. तिचं बोलणंही तसंच कमी झालं होतं. पाणी चमच्याने द्यावं लागायचं. हॉस्पिटलची नर्स येऊन दुखण्यावरचा पॅच बदलून जायची, त्या पॅचच्या गुंगीत ती बराच वेळ असायची. जागी असली की नजर स्टुलाकडे. एका सकाळी तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय.

"ती बाटली कुठाय?" ती म्हणाली.

"कुठली?"

"कल्याणची."

"माळ्यावर. का?"

"मारा."

मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती थांबत थांबत म्हणाली, "माझ्या पानाचं राहू दे. बाजारातलं ठेवा, चालेल मला. ती तरी जगू दे. आईंची आहे."

आता गंमत बघा. दोन महिने मी ज्या परवानगीसाठी घसा फोडला, ती मला मिळाली होती. बाटली दहा पावलांवर होती, प्रमाण पाठ होतं. आणि मी ते करू शकलो नाही. जोवर ती नको म्हणत होती, तोवर तिला काहीतरी हवं होतं, आणि ते मी द्यायचं होतं. तिने हो म्हटलं आणि माझ्या हातात काही राहिलं नाही. माझी अशी भीतीने गाळण उडाली की मी चक्क तिच्यावर खेकसलो.

"बाजारातलं-बिजारातलं काही नाही. शेंडा हिरवा आहे अजून. मी हिंगाचं पाणी मारतो. हिंगाने जातात ते."

"तुम्ही?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत जुनी चेष्टा क्षणभर आली. "हिंग?"

"हो, हिंग. तुझ्या वडिलांच्या मिरच्या वाचल्या नाहीत का?"

तिने डोळे मिटले. हसल्यासारखं काहीतरी केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ताक घुसळलं, हिंग मुठीने घातला, कुठलं प्रमाण आणि कुठलं काय. त्या दिवशी रविवार होता. ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. मी त्या चार पानांना खालून मारलं, वरून मारलं, काड्यांना मारलं, मातीला मारलं. खोलीभर हिंगाचा वास झाला. त्या वेळी विष मारलं असतं तर तुळस वाचली असती का, ते मला सांगता येणार नाही. बहुधा नसती. मुळात काही उरलंच नव्हतं.

शेंड्याची पानं तिच्या आधी गेली. ती शुद्धीत असताना नाही गेली, एवढं बरं. शेवटचं पान स्टुलाखाली पडलेलं मला केर काढताना सापडलं. उचलायला गेलो तर ते बोटांत चुरलं.

पुढे दोन-तीन दिवसांनी, दुपारी. मेहुणी होती. बाहेर परांचीवर प्लास्टर घासण्याचा आवाज चालला होता आणि मी खिडकी लावायला उठलो होतो. मेहुणी म्हणाली, "भाऊजी." श्वासांमधलं अंतर वाढलं होतं. हे हॉस्पिटलात आम्हाला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दोघांनाही कळलं. मेहुणीने स्टुलाकडे पाहिलं. तिथे काटक्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती चप्पल न घालताच जिना उतरून नाक्यावरच्या फुलवाल्याकडे धावली.

मी देव्हाऱ्यातली गंगा फोडली. आईने काशीहून आणलेला तो सीलबंद गडू, झाकण निघेना, सांडशीने काढलं. बायकोच्या डोक्याखाली हात घालून बसलो. तिच्या डोळ्यांना फट होती, पण बघत नव्हती. मी तिला सांगत होतो की आणतेय, थांब, आणतेय. मेहुणी आली. केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधलेली जुडी, दोरा दाताने तोडला, पाणी शिंपडलेलं होतं, थेंब ओघळत होते. हिरवीगार जुडी. आमच्या घरात कित्येक महिन्यांत एवढा हिरवा रंग आला नव्हता. मेहुणी रडत रडत म्हणाली, "बघा, किती छान मिळाली."

मी एक पान खुडलं. इतक्या दिवसांची हाताला सवय झालेली, ते आपोआप उलटं झालं. खालून बघा, असं तिनेच शिकवलेलं. मी बघितलं. एक ठिपका नव्हता, जाळ्याचा एक धागा नव्हता, पान तेल लावल्यासारखं चकचकीत होतं. वैशाखात, ह्या धुरळ्यात, तुळस आपली आपण अशी राहत नाही.

"ठेवा ना भाऊजी," मेहुणी म्हणाली.

मी ते गंगेत बुडवलं, शर्टाला पुसलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पुसलं. मग तिच्या तोंडात ठेवलं.